विचाराल तर फसाल

अभिनंदन! ऑफर लेटर आलं, जॉइनिंगची तारीख दोनदा पुढे जाऊन अखेर उजाडली, गळ्यात कंपनीचा पट्टा पडला. आता लिंक्ड लिस्ट उलटी कशी करायची ते खुशाल विसरा, ते इंटरव्ह्यूपुरतं होतं. सॉफ्टवेअरच्या नोकरीत टिकायला एकच कौशल्य लागतं आणि त्यात तुम्ही शाळेपासून तरबेज आहात: कळलं नाही तरी मान डोलावणं. सरांनी ‘समजलं का?’ विचारल्यावर अख्खा वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणायचा ना, तीच विद्या इथे पगार मिळवून देते.

पहिल्या आठवड्यात एक सीनियर स्क्रीन शेअर करून प्रोजेक्टची रचना समजावेल. चाळीसेक चौकटी, त्यांच्यामधून कुठूनही कुठेही जाणारे बाण. शेवटी तो विचारेल, ‘काही डाऊट?’ उत्तर ठरलेलं: ‘नो डाऊट्स.’ नवा माणूस म्हणून काहीही विचारायची मुभा जेमतेम पहिले तीन-चार महिने असते. ती न वापरता सोडून देण्यातच खरा बाणेदारपणा आहे.

मग पहिलं टिकीट, म्हणजे चुकीची लेखी तक्रार, येईल. समजा, टेस्टरने लिहिलंय की पहाटे चारला केलेली नोंद रिपोर्टमध्ये आदल्या दिवसाची दिसते. तुम्ही आपल्या लॅपटॉपवर बघाल, तिथे तारीख बरोबर असेल. लगेच ‘माझ्या मशीनवर चालतंय’ असं लिहून टिकीट बंद करा. टेस्टर ते पुन्हा उघडेल. त्या जमातीला दुसरा उद्योग नसतो. लॅपटॉपचं घड्याळ भारतीय वेळेत आणि सर्व्हरचं यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे साडेपाच तास मागे, एवढीच गोम आहे. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना हे दोन मिनिटांत सांगता आलं असतं. पण त्यांना विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे जाहीर करायचं. त्यापेक्षा तीन दिवस घ्या. रोज स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, ‘ऑलमोस्ट झालंय’ म्हणा. हा शब्द फार गुणी आहे, त्यात एक तासही मावतो आणि एक महिनाही. तिसऱ्या रात्री कोडमध्ये सरळ साडेपाच तास मिळवून मोकळे व्हा. रिपोर्ट बरोबर, टेस्टर गप्प. न्यू जर्सीच्या क्लायंटला संध्याकाळची नोंद उद्याच्या तारखेची दिसू लागेल, पण तो फोन करेल तेव्हा आपल्याकडे रात्र असेल आणि सपोर्टला दुसरं कोणीतरी.

अगदीच नाइलाज झाला आणि विचारावंच लागलं, तर त्याचीही रीत आहे. चॅटवर फक्त ‘हाय सर’ लिहा आणि थांबा. (पहिल्याच दिवशी ‘सर म्हणू नका, नावाने हाक मारा’ असं सांगितलेलं असतं, ते मनावर घेऊ नका.) तासाभराने ‘बोल’ आलं की ‘बिझी आहात का?’ असं विचारा. तेवढ्यात ते मीटिंगला जातील. संध्याकाळी ‘एरर येतोय’ एवढंच लिहून मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवा. थोडा तिरका, ट्यूबलाइटचा झोत मधोमध, आणि एररची खरी ओळ खालून कापलेली. काय करायचं होतं, काय करून पाहिलं, नेमकं काय झालं, हे तीन वाक्यांत लिहिणारे लोकही असतात. त्यांना पटकन उत्तर मिळतं, आणि लगेच पुढचं टिकीटही मिळतं. बघा बुवा.

आता कोड. कोडमधला प्रत्येक बदल कारणासकट नोंदवून ठेवणारं गिट हे लिनस टोरव्हाल्ड्सने २००५ साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) कामासाठी लिहिलं. तिकडची मंडळी एका ओळीच्या बदलाला कधीकधी तीन-तीन परिच्छेद कारणं देतात. त्यांना वेळ असेल. तुम्ही कारणाच्या जागी ‘फिक्स’, ‘फिक्स २’, ‘फायनल’, ‘फायनल नक्की’ या क्रमाने चला. दोन हजार ओळींचा बदल एकदम रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्याकडे तपासायला, टाका, तोही शुक्रवारी सहा वाजता, हिंजवडीची बस चुकेल या धास्तीत रिव्ह्यूवाला असताना. वीस ओळी दिल्या तर माणूस दहा चुका काढतो, दोन हजार दिल्या की ‘ठीक वाटतंय’ म्हणतो. निम्मा कोड एआयने लिहिला असेल आणि कोणी ‘हे असं का?’ विचारलं, तर ‘बेस्ट प्रॅक्टिस आहे’ म्हणा. पुढे कोणी विचारत नाही, कारण त्यालाही अडाणी दिसायचं नसतं.

लॉग (सिस्टिम स्वतःच लिहिते ती रोजनिशी) आणि आपोआप येणारे मेल मात्र चुकूनही वाचू नका. या बाबतीत अमेरिकेतल्या नाईट कॅपिटल या शेअर बाजारातल्या कंपनीचा आदर्श ठेवा. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्यांचा शेअर खरेदी-विक्रीचा नवा कोड सुरू व्हायचा होता. आठपैकी सात सर्व्हरवर तो चढला, आठव्यावर राहिला. दुसऱ्या कोणी तपासून बघायची पद्धतच नव्हती. बाजार उघडण्याआधी सिस्टिमने काहीतरी चुकतंय असं सांगणारे ९७ मेल पाठवले, ते कोणी मनावर घेतले नाहीत. बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवरचा, वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा होऊन धडाधड ऑर्डरी सोडू लागला. मग घाईघाईने नवा कोडच काढून टाकला, तोही नीट चालणाऱ्या सात सर्व्हरवरून, म्हणजे जुना कोड आठही ठिकाणी! सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. जुना कोड काढून टाका म्हणून मागे लागणारा एखादा किरकिऱ्या सहकारी तुमच्याही टीममध्ये असेल. त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

आणि प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमवर, हातून काही उडालंच, तर आधी इकडेतिकडे बघा. कोड ठेवायची ऑनलाइन सेवा देणाऱ्या गिटलॅबवाल्यांसारखा बावळटपणा नको. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन थांबवलं, पण तोवर सुमारे ३०० जीबी गेलं होतं. बॅकअप बघायला गेले तर तेही धड चालत नव्हते. या लोकांनी काय करावं? सगळं जगासमोर लिहून टाकलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि दोष माणसावर न ढकलता पद्धतीत शोधला. आपल्याकडे अशा वेळी ‘नेटवर्क इश्यू’ असतो.

असं वर्ष निघालं की अप्रेझलचा फॉर्म येईल. त्यात एक रकाना असतो, ‘या वर्षी आत्मसात केलेलं कौशल्य’. तिथे ‘कम्युनिकेशन’ लिहा. मॅनेजरही तेच लिहितो.