तलवारीवरून उचललेला हात

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबण लागणार. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

मित्राच्या मुलीनं पहिल्यांदाच प्रदर्शनात चित्र लावलंय. मोठं तैलचित्र, बसलेला सामुराई. चेहरा पक्का रंगवलेला, चिलखताच्या पट्ट्या ओवणाऱ्या लाल रेशमी दोऱ्यांवर तर पोरीनं जीव ओतलाय. पण कमरेखाली रंग विरळ होत जातो आणि टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबर या तपकिरी रंगाखालून कोळशाचं कच्चं ड्रॉइंग सरळ दिसतं. मी तिथेच उभा होतो. एक गृहस्थ आले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "छान आहे गं. पूर्ण कधी करणार?"

ती हसली. मला आठवीतला तांब्या आठवला.

एलिमेंटरीचा सराव चालला होता. तांब्या आणि दोन वांगी. तांब्याचं तोंड काही केल्या जमेना, मी एकावर एक चार लंबगोल काढले. सर आले, माझ्या हातातलं रबर घेतलं आणि म्हणाले, "रेघ दिसता कामा नये." इतकं घासलं की कागदाला लव आली. मग रंग लावला तर नेमका तिथेच फुटला. तांब्याच्या तोंडाशी काळा डाग.

अहो, त्या चित्रात नीट बघा ना! कोळशात सामुराईचा उजवा हात तलवारीच्या मुठीवर आहे. रंगवलेला हात मांडीवर. म्हणजे आधी तो तलवार उपसणार होता, मग पोरीचं मन बदललं. ते बदललेलं मन आपल्याला दिसतंय, आणि तुम्ही विचारताय पूर्ण कधी करणार?

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात चित्रकार वेलाझ्केझनं रंगवलेला, घोड्यावर बसलेला स्पेनचा राजा चौथा फिलिप आहे. तैलरंग जुना झाला की हळूहळू पारदर्शक होतो, म्हणून त्या घोड्याचे आधी काढून झाकलेले पायही आता दिसतात. त्याला कोणी "पूर्ण कधी करणार" असं विचारत नाही. खुद्द सामुराईचंच घ्या. हासेकुरा त्सुनेनागा नावाचा सामुराई जपानातल्या सेंदाईहून निघून रोमला पोचला, तिथे 1615 च्या सुमारास त्याचं तैलचित्र झालं. ते सेंदाईच्या संग्रहालयात आहे. कॅनव्हासवर घड्यांच्या खुणा ढळढळीत दिसतात, तरी जपाननं त्याला राष्ट्रीय ठेवा ठरवलंय.

हो, आळसाला स्टाइल म्हणून खपवणारेही असतात, माहितीये. आणि या चित्रातला उजवा गुडघा तिला जमलेला नाही, तेही कबूल. तिथे रेघा नाहीत, नुसता रंगाचा लगदा आहे. मला तर वाटतं तिथे तिने रेघा ठेवल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरांवर आता राग नाही खरं तर. पन्नास पोरं, एक तास, वर परीक्षेचं टेन्शन. पण त्या चार लंबगोलांपैकी तिसरा बरोबर होता हो. रबर फिरल्यावर मला तो परत सापडलाच नाही.

निघताना पोरगी हळूच म्हणाली, "काका, तो खालचा हात झाकू का?" मी जरा मोठ्यानेच नाही म्हणालो, दोन माणसं वळून बघायला लागली.

चित्र रविवारपर्यंत आहे. जाऊन या. आणि गुडघ्याबद्दल बोलायचं असेल तर बोला, ती ऐकून घेते.