बंदी नको, वाट बांधा

पावसाळ्यात गडांवर बंदी घाला, ही मागणी दर जुलैत वाचतो आणि दर जुलैत चिडतो. यंदा कॉलेजच्या ग्रुपवर नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडाच्या पायऱ्यांवरच्या गर्दीचा व्हिडिओ आला आणि दोन तट पडले. एक म्हणतो, जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढून गड बंद करावा. दुसरा म्हणतो, महाराजांच्या मुलखात गडावर चढायला तिकीट कसलं मागता? दोघांनाही एकदा इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या बॅराबूला आणायला हवं.

मॅडिसनपासून तासाभरावर डेव्हिल्स लेक स्टेट पार्क आहे. तिथल्या तळ्याच्या पूर्वेकडच्या कड्याचा, ईस्ट ब्लफचा फेरा आम्ही नेहमी करतो: बॅलन्स्ड रॉकच्या वाटेने वर, कड्याकडेने डेव्हिल्स डोअरवेपर्यंत, सीसीसी ट्रेलने खाली आणि ग्रॉटोजच्या सपाट वाटेने परत. दगड जांभळट क्वार्ट्झाइट, १६०-१७० कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्रीचा बेसाल्ट त्याच्यापुढे पोरसवदा, साडेसहा कोटींचा. जरा पाऊस पडला की हा दगड भयंकर निसरडा होतो आणि कड्याला बहुतेक ठिकाणी कठडाही नाही. तरी उन्हाळाभर माणसांची रीघ असते, आजीआजोबांपासून पाठीवरच्या बाळांपर्यंत. कारण वाट बांधलेली आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीत सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर (सीसीसी) या सरकारी रोजगार योजनेत भरती झालेल्या बेकार पोरांनी हे धोंडे हातांनी बसवले. पगार महिन्याला ३० डॉलर, त्यातले साधारण २५ थेट घरी जायचे. नव्वद वर्षं होत आली, त्या पायऱ्यांवरून लोक अजून चढतात.

हे हरिहरच्या पायथ्याच्या निरगुडपाड्यात का होऊ नये? हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांना कोणी हात लावू नये, त्या कोरणाऱ्यांनी बोटं रुतवायला खोबण्यासुद्धा ठेवल्यात. पण खालची वाट राखणं, पाण्याला चर काढून देणं, रविवारी वर किती माणसं गेली ते मोजून बाकीच्यांना पायथ्याशीच थांबवणं, हे गावातल्या पोरांना पगार देऊन करून घेता येतं. २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेर धरून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा ग्रुपवर जल्लोष मावत नव्हता. त्याच ग्रुपवर शंभर रुपयांच्या तिकिटाचं नाव काढलं की अस्मिता दुखावते.

यावर एकाने ऐकवलं, 'तिकडे पैसा आहे, तिकडे बसून शहाणपण शिकवू नकोस.' पैसा? ती वाट बांधली तेव्हा या देशात लोक सूपसाठी रांगा लावत होते.

'तिकडे बसून' हे मात्र लागलं, आणि ते खरंच आहे. नागरिकत्व घेतलं तेव्हापासून महाराष्ट्रात मला मत नाही. इथे आहे, पण या पार्कसाठी मी कधी कोणाशी भांडलेलो नाही. पार्कात गाडी न्यायला लागणारा स्टिकर महागला, पैसे भरले. हे तळं हो-चंक लोकांना पवित्र आहे, काठाशी पक्ष्याप्राण्यांच्या आकाराचे जुने मातीचे उंचवटे आहेत. मी तिथे आदराने थांबतो, पाटी वाचतो आणि पुढे चालू लागतो. हरिहरचा व्हिडिओ आला त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या पायथ्याच्या घरात पिठलं-भाकरी वाढणाऱ्या मावशी अजून आहेत का, हेसुद्धा मला माहीत नाही, आणि तरी तो गड मला माझा वाटतो, हा डोंगर वाटत नाही.

म्हणून ग्रुपवर पुन्हा लिहिलंय: तिकीट लावा, त्यातला प्रत्येक रुपया निरगुडपाड्यातच खर्च होईल असा ग्रामसभेचा ठराव करून घ्या, आणि पुढच्या जूनआधी काम सुरू करा. वर्गणी काढणार असाल तर माझं नाव पहिलं घाला.