म्हणे इंग्लिश न येणाऱ्या मुलांमुळे शाळेचं रेटिंग पडतं

स्प्रिंगमध्ये स्टेट टेस्ट सुरू झाल्या की न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांत तो फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. थोडक्यात म्हणणं असं: इंग्लिश न येणारी मुलं आली की शाळेचा स्कोअर पडतो, स्कोअर पडला की रेटिंग पडतं आणि मग घराची किंमत, वर त्या मुलांना टेस्टमध्ये सवलती, आणि गणिताला कुठे भाषा लागते, त्यातही मागे म्हणजे मुलंच कच्ची, सबब यांना टेस्टला बसवूच नका. लोक हे वाचून खरंच एखादं गाव घरांच्या लिस्टमधून उडवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"यांचे स्कोअर वर्षानुवर्षं खालीच." हो, खालीच असणार. इथे दरवर्षी विडा या संस्थेची ॲक्सेस नावाची इंग्लिशची टेस्ट होते, ऐकणं बोलणं वाचणं लिहिणं सगळं तपासतात, स्केल 1 ते 6, साधारण 4.5 ला पोचलं की मूल इंग्लिश लर्नरच्या गटातून बाहेर. म्हणजे जो शिकला तो गटातून गेला आणि त्याच्या जागी काल विमानातून उतरलेला आला, मग गटाची सरासरी वर जाणार कशी? ड्रायव्हिंग स्कूलमधून लायसन्स मिळालेले सगळे निघून जातात आणि आपण म्हणायचं इथे कुणालाच गाडी येत नाही, तसलं हे. याच कारणासाठी 2015 च्या एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्टमध्ये, म्हणजे देशभराच्या शाळांच्या कायद्यात, सोय ठेवलीये की बाहेर पडलेल्या मुलांचे मार्क पुढची 4 वर्षं त्या गटात धरता येतात. घर शोधताना वेबसाइटवर शाळेला 10 पैकी दिलेल्या त्या रेटिंगवर जाऊ नका, स्टेटचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, फुकट आहे, त्यात मुलांची ग्रोथ, म्हणजे आधीच्या तुलनेत ती किती पुढे गेली, वेगळी दिलेली असते, आणि इंग्लिश शिकणाऱ्यांची प्रगती पण.

"गणिताला भाषा लागत नाही." हा मुद्दा आपल्याच लोकांना जास्त पटतो कारण आपण पाढ्यांवर वाढलो. समजा साताऱ्याच्या मराठी शाळेतून एखादी मुलगी थेट इथल्या सहावीत आली. 30 पर्यंत पाढे पाठ, अपूर्णांकांची बेरीज वर्गात सगळ्यांच्या आधी. आता स्क्रीनवर तिला काय दिसतं, तर कुठलीतरी एमिली शाळेच्या बेक सेलसाठी कपकेक करतेय, इतके डझन, त्यातले अमुक भाग चॉकलेटचे, आणि प्रश्न हा की एमिलीने हिशोब असा असा केला, तिचं कुठे चुकलं ते शोधा आणि तुमचं म्हणणं लिहून समजावून सांगा. या मुलीला उत्तराचा आकडा बरोबर येतो पण खालचा मोठा चौकोन रिकामा राहतो, आणि मार्क त्या चौकोनाला पण असतात. कॅलिफोर्नियात जमाल अबेदी आणि कॅरोल लॉर्ड या संशोधकांनी हेच तपासलं होतं, 2001 मध्ये छापून आलं, गणित तेच ठेवायचं आणि प्रश्नाची वाक्यं तेवढी सोपी करायची, आठवीच्या मुलांना दिलं तर मार्क वाढले. चमत्कार नाही झाला, थोडेसेच वाढले, पण इंग्लिश शिकणाऱ्यांना फायदा जास्त. न्यू जर्सीत गणिताचा पेपर स्पॅनिशमध्ये मिळतो, मराठी-गुजराती-तेलुगूवाल्यांनी काय करायचं ते विचारू नका.

"सवलती म्हणजे चीटिंग." जास्तीचा वेळ आणि शब्दाला शब्द देणारी डिक्शनरी, ज्यात अर्थाचं स्पष्टीकरण नसतं. यात कसली चीटिंग.

"आमचा मुलगा तर सहा महिन्यांत फाडफाड बोलायला लागला." अहो बोलायला लागणारच, रिसेसमध्ये बोलायचं इंग्लिश सगळ्यांना येतं, साधारण दोन वर्षांत पक्कं होतं. पण पुस्तकातलं, सायन्सच्या धड्यातलं, निबंधातलं इंग्लिश यायला 5 ते 7 वर्षं लागतात, कॅनडाचे भाषा-शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक 1979 पासून मांडलाय आणि ईएसएलच्या, म्हणजे अशा मुलांना इंग्लिश शिकवणाऱ्या, कुठल्याही टीचरला विचारा, ती हेच सांगेल. शिवाय आपली एच-फोरवर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या आईबापांसोबतच्या व्हिसावर, आलेली बरीच मुलं मुळात पुण्या-ठाण्यातल्या इंग्लिश मीडियममधली, वर शनिवारी कुमॉनची शिकवणी. ती आणि ग्वाटेमालाच्या खेड्यातून मधेच शाळा सोडून आलेलं पोर एका रांगेत उभं करून तुलना करायची हे मला तरी पटत नाही. (आणि ॲडमिशनच्या वेळी घरी कुठली भाषा बोलता याला 'फक्त इंग्लिश' लिहिणारे आपलेच पालक, का तर लेबल नको. मदतही मग मिळत नाही.)

"सगळे परवा बॉर्डर ओलांडून आलेले." साफ चूक. देशभरात अशी 50 लाखांच्या आसपास मुलं आहेत आणि बहुसंख्य इथेच जन्मलेली.

राहिली शेवटची मागणी, बसवूच नका. पहिल्याच वर्षी इंग्लिशचा पेपर देण्यात अर्थ नाही हे मलाही मान्य आहे, आणि कायदाही 12 महिन्यांच्या आत आलेल्या मुलाला त्या पेपरातून एकदा सूट द्यायला राज्यांना परवानगी देतो, गणित मात्र द्यावं लागतं. पण कायमचं बाहेर ठेवा म्हणणं महागात पडेल. ज्याचा आकडा नाही त्याच्यासाठी टीचर मागणार कोण? सॅन फ्रान्सिस्कोत हजारावर चिनी मुलं काही न कळता वर्गात बसून होती, त्यासाठी लाव विरुद्ध निकोल्स खटला 1974 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत न्यावा लागला, तेव्हा कुठे कोर्ट म्हणालं की सगळ्यांना तीच पुस्तकं तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. सूट हवीच असेल तर 2015 च्या त्याच कायद्यात दुसरा पर्याय पण आहे, पहिल्या वर्षी टेस्ट घ्या पण शाळेच्या हिशोबात धरू नका, दुसऱ्या वर्षी फक्त प्रगती धरा, मार्क तिसऱ्या वर्षापासून. मागायचं तर ते मागा.