नॅन्सीबाईंचं अर्धवट राहिलेलं वाक्य

यूट्यूबवर एक जुनी कृष्णधवल क्लिप आहे, तुमच्यापैकी काहींनी पाहिलीही असेल. २२ नोव्हेंबर १९६३, शुक्रवार, न्यूयॉर्कमध्ये दुपारचे एक चाळीस. टीव्हीवर दुपारची मालिका चालू आहे. एक मध्यमवयीन बाई घरात सासऱ्यांशी बोलतेय. तिच्या मुलाने घटस्फोट झालेल्या बायकोला थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बोलावलंय, तो विषय. म्हणजे आपल्याकडे मुलाने सोडचिठ्ठी दिलेल्या सुनेला दिवाळीच्या फराळाला बोलवावं, तसं काहीसं. बाई म्हणते, ‘मी खूप विचार केला यावर, ग्रँडपा...’ आणि तेवढ्यात पडद्यावर बुलेटिनची पाटी येते. माणूस दिसत नाही, कारण त्या काळातले कॅमेरे तापायलाच बराच वेळ लागायचा. नुसता आवाज. सीबीएस वाहिनीचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट सांगतात, डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या ताफ्यावर तीन गोळ्या झाडल्या गेल्या.

सगळे ही क्लिप केनेडींसाठी बघतात. मी मात्र त्या बाईपाशी अडकले.

कारण ती मालिका लाइव्ह होती. रेकॉर्डिंग नाही, रिटेक नाही. देश बातमी ऐकत होता आणि स्टुडिओत ही माणसं थँक्सगिव्हिंगला कोणी यायचं यावर बोलतच होती. त्यांना काही पत्ताच नव्हता. मी बँकेत नोकरी करता करता राज्य नाट्य स्पर्धेत काही नाटकं केलीत. एका प्रयोगासाठी दोन महिने तालीम व्हायची, विंगेत प्रॉम्प्टर वही घेऊन बसलेला असायचा, तरी पहिल्या एंट्रीला माझी बोबडी वळायची. ही मंडळी रोज नवं अर्ध्या तासाचं नाटक पाठ करून एकदाच करत होती, सोमवार ते शुक्रवार. आणि आपण ‘काय ती सिरियलमधली नटी’ म्हणून नाक मुरडतो.

बाईंचं नाव हेलन वॅग्नर. टेक्सासमधल्या लबकच्या, जन्म १९१८चा. शिक्षण संगीत-नाटकाचं, गळा चांगला, ब्रॉडवेवर काम केलेलं. २ एप्रिल १९५६ला सीबीएसवर ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ ही क्लिपमधली मालिका सुरू झाली तेव्हा त्या ३७ वर्षांच्या होत्या. मालिकेतलं पहिलंच वाक्य त्यांच्या तोंडी होतं, नवऱ्याला उद्देशून: ‘गुड मॉर्निंग, डियर.’ भूमिकेचं नाव नॅन्सी ह्यूज. ओकडेल नावाच्या काल्पनिक गावातल्या वकिलाची बायको. ही नॅन्सी त्यांनी २०१० साली मरेपर्यंत केली. मध्ये काही वर्षांचा खंड पडला, त्याबद्दल पुढे सांगते. तो धरूनही पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत ५४ वर्षं. नोकरीला लागून रिटायर व्हायला मला ३४ लागली आणि तेवढ्यात मी तीनदा राजीनामा लिहून फाडला होता.

मालिका लिहिणारी इर्ना फिलिप्स हे एक अचाट प्रकरण. आधी शाळामास्तरीण, मग १९३०पासून शिकागोच्या रेडिओवर मालिका. आज ज्याला आपण डेली सोप म्हणतो तो प्रकार जवळजवळ तिनेच घडवला. सोप का म्हणायचं? तर या मालिकांमागे साबणवाले होते म्हणून. ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ची मालकीच प्रॉक्टर अँड गँबलची होती. हो, तीच टाइड आणि एरियलवाली. दुपारी धुणं-भांडी करणाऱ्या बायकांना घरात थांबवायचं आणि मध्येच साबण विकायचा, असा सरळ व्यवहार. तोवर दुपारच्या मालिका पंधरा मिनिटांच्या असत. बायका अर्धा तास बसणार नाहीत अशी भीती होती. इर्नाने अर्धा तास मागून घेतला आणि त्या वाढीव वेळात काही घडवलंच नाही. लोक स्वयंपाकघरात बसून कॉफी पितात, बोलतात, गप्प बसतात, कॅमेरा चेहऱ्यावर थांबतो. १९५८पासून पुढची वीस वर्षं ही मालिका दुपारच्या मालिकांत पहिल्या नंबरवर होती.

तर कॉफीचा किस्सा. सुरुवातीच्या काही महिन्यांतच इर्नाने हेलनबाईंना काढून टाकलं होतं. कारण काय सांगतात? तर त्या कॉफी ओततात ते तिला आवडलं नाही! पुढे त्यांना परत घेतलं. हा किस्सा लोक इर्नाच्या विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून सांगतात, आणि विक्षिप्त ती होतीच. पण मला हे वाचून हसू आलं नाही. ज्या मालिकेत कॉफी ओतणं हीच घटना आहे, तिथे नटीने कॉफी कशी ओतली याला किती महत्त्व असेल! आमचे एक दिग्दर्शक मला पदराला हात पुसायची कृती चाळीस वेळा करायला लावायचे. ‘तुझे हात ओले वाटत नाहीत, तू नाटक करतेयस,’ म्हणायचे. तेव्हा मी घरी येऊन रडायचे.

वॅग्नरबाईंच्या वाट्याला खमंग प्रसंग कधी आलेच नाहीत. ते सगळे नॅन्सीच्या सुनेला. ही लिसा, म्हणजे तीच थँक्सगिव्हिंगवाली. १९६०पासून ती भूमिका आयलीन फुल्टन करत होत्या. लिसाने इतके उद्योग केले, इतकी लग्नं केली की लोक फुल्टनबाईंचा खराखुरा राग राग करत. दुकानाबाहेर एका बाईने त्यांना मारलं होतं, हे त्यांनीच सांगितलंय. (आपल्याकडेही खाष्ट सासू करणाऱ्या नट्यांना भाजीवाल्या ऐकवतात, तेव्हा फार परकं वाटू नये.) याच फुल्टनबाईंनी करारात एक कलम घालून घेतलं होतं: आपल्याला आजी करायचं नाही. आजी झालं की रोमान्स संपला, रोमान्स संपला की काम संपलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला त्यांचं कौतुकच वाटतं. धंदा ओळखून होत्या.

नॅन्सीकडे असलं काही कलम नव्हतं. ती आजी झाली, पणजी झाली, आणि तेही भलत्या वेगाने, कारण या मालिकांतली पोरं रातोरात वाढतात. नॅन्सीचा मुलगा बॉब आणि लिसा यांचा टॉम मालिकेत १९६१ला जन्मला आणि दहा वर्षं व्हायच्या आत व्हिएतनाम युद्धावर जाऊन आला! ती भूमिका करणारे नट तर बदलतच राहिले. मेलेली माणसं परत येत होती. जेम्स स्टेनबेक नावाचा खलनायक किती वेळा मेला याचा हिशोब चित्रगुप्तालाही लागायचा नाही. या सगळ्या येड्याबागड्या कारभारात एक नॅन्सी तेवढी तीच राहिली. तोच चेहरा, फक्त दर वर्षी एक वर्षाने म्हातारा. टीव्हीवर बाई खरोखरच्या वेगाने म्हातारी होताना दिसते का हो? आपल्याकडे तर पंचविशीतली आई असते आणि तेविशीतला मुलगा.

आता तो खंड. १९८०च्या आसपास दुपारच्या मालिकांना तरुण प्रेक्षक हवे झाले. दुसऱ्या एका वाहिनीवरच्या तरुण जोडीमागे सारा देश लागलेला, जाहिरातदारांचे डोळे तिकडे. मग ओकडेलमधली जुनी मंडळी हळूहळू कडेला. काढत नाहीत, नुसतं लिहीतच नाहीत. महिन्यातून एकदा फोन उचलायचा, लग्नात मागच्या रांगेत उभं राहायचं. वॅग्नरबाई शेवटी बाहेर पडल्या. नोकरी केलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगायला नको. आमच्या ऑफिसात एका ज्येष्ठ बाईंना असंच कोपऱ्यातलं टेबल दिलं होतं. फाइल नाही, कॉम्प्युटर नाही, पगार वेळेवर. त्या दिवसभर दारातून आत येणाऱ्यांकडे बघत बसायच्या, आणि आम्ही त्यांच्याकडे बघायचं टाळायचो. मीही टाळायचे.

१९८५ला डग्लस मार्लंड मुख्य लेखक झाला आणि त्याने ह्यूज कुटुंब परत मधोमध आणून बसवलं. नॅन्सी परत आली. हा माणूस मला फार आवडतो. ‘मालिकेची वाट कशी लावू नये’ यावर त्याने जी पथ्यं सांगितली त्यात दोन साधी होती: आधी मालिका बघा, तिचा इतिहास शिका, आणि पहिले सहा महिने कुणालाही काढू नका. नव्या साहेबांच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावावं असं आहे हे.

परतल्यावर वर्षभरातच, १९८६ला, मालिकेतला तिचा नवरा क्रिस करणारे डॉन मॅक्लॉग्लिन वारले. मालिकेतही क्रिस गेला. तीस वर्षं ज्याला रोज गुड मॉर्निंग म्हटलं तो गेल्यावर नॅन्सीला विधवा करायचं म्हणजे हेलनबाईंनी नक्की काय अभिनय करायचा होता? पुढे नॅन्सीने उतारवयात दुसरं लग्न केलं, डॅन मॅक्लॉस्की नावाच्या पोलीस अधिकाऱ्याशी, आणि त्याला अल्झायमर झाला. दुपारच्या मालिकेत, साबणाच्या जाहिरातींच्या मधे, एक म्हातारी बाई आपल्याला विसरत चाललेल्या नवऱ्याचं करते आहे. माझ्या सासऱ्यांचं आम्ही चार वर्षं केलंय. त्यात ड्रामा नसतो. तोच प्रश्न अकराव्यांदा आला की पहिल्यांदाच आल्यासारखं उत्तर द्यायचं असतं. कॉफी नीट ओतता येणाऱ्या नटीचंच ते काम.

नॅन्सीच्या नातीची, फ्रॅनीची, भूमिका १९८५ ते ८८ ज्युलियान मूर करायची. हो, तीच. तिथे तिला डेटाइम एमी, म्हणजे दुपारच्या कार्यक्रमांसाठीचा पुरस्कार, मिळालं, मग ती सिनेमात गेली, आणि पुढे ऑस्कर मिळालं तेही अल्झायमर झालेल्या बाईच्या भूमिकेसाठी. हा निव्वळ योगायोग, पण मला तो मनातून पुसता येत नाही. मेग रायन आणि मरिसा टोमेही ओकडेलमधूनच गेल्या. जाणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. राहणाऱ्या बाईंना २००४ला जीवनगौरव एमी मिळालं, तेसुद्धा एकटीला नाही, दहा ज्येष्ठ नटनट्यांना मिळून.

डिसेंबर २००९मध्ये सीबीएसने मालिका बंद करायचं जाहीर केलं. त्याच वर्षी हेलनबाईंचे यजमान गेले होते. १ मे २०१०ला त्या गेल्या, ९१ वर्षांच्या, कॅन्सरने. शेवटचा भाग १७ सप्टेंबरला दाखवला, तेव्हा एकूण भाग भरले होते १३,८५८. शेवटचा शब्द बॉबचा, म्हणजे नॅन्सीच्या मुलाचा. तो डॉन हेस्टिंग्ज यांनी १९६०पासून केलेला. ऑफिसातून जाताना म्हणतो, ‘गुड नाइट.’ आईने म्हटलेल्या गुड मॉर्निंगचं उत्तर मुलाने ५४ वर्षांनी दिलं. लेखकांना असं जुळवून आणता येतं तेव्हा त्यांचे सगळे स्टेनबेक माफ.

परवा ती क्लिप आईला दाखवली. आई ७९ वर्षांची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या चाळीत केबल आली तेव्हा स्टार प्लसवर ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ लागायची आणि आई इंग्रजीचा एक शब्द न कळता ती बघायची. तांदूळ निवडत, चष्मा नाकावर, कोण कुणाशी खोटं बोलतंय हे आम्हाला आधी सांगायची. माणसाच्या मानेवरून कळतं म्हणे.

मोबाइल तिच्यासमोर धरला. सासऱ्यांशी बोलणारी नॅन्सी, मग पाटी, मग आवाज. मी तिला सांगितलं, केनेडींना गोळी लागली ती हीच वेळ. आईने मान हलवली, ‘हो का, बिचारा.’ मग मोबाइल माझ्या हातात परत देत म्हणाली, ‘पण अगं, ती सून आली का मग जेवायला?’