ताळेबंद पाठवला आहे, कृपया पोच द्यावी

‘मी पाठवलंय’ आणि ‘मला आलेलं नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, हे सभासदांना पटवून देण्याचं काम सोसायटीच्या मानद सेक्रेटरीकडे असतं, असं उपविधीत कुठेही लिहिलेलं नाही. तिथे पार्किंग आहे, गळती आहे, थकबाकीवरचं व्याज आहे. हरवलेली अटॅचमेंट नाही.

आमची सोसायटी डोंबिवलीतली. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, नोटीस १४ दिवस आधी द्यायची आणि सोबत हिशेब पाठवायचे. पूर्वी वॉचमन घरोघरी झेरॉक्स वाटायचा आणि वहीत सही घ्यायचा. सही झाली की ताळेबंद पोचला. पुढे त्यावर कुणी फोडणीच्या पोह्यांची प्लेट ठेवली तरी कायद्याने तो पोचलेलाच. मग ‘कागद वाचवा’ असा ठराव झाला. कागद वाचला. सेक्रेटरी नाही वाचला.

यंदा सुरुवात सीएंच्या ऑफिसातूनच झाली. मेल आला, मजकुरात ‘सोबत ताळेबंद जोडला आहे’ आणि खाली ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची फाईल. क्लिक केलं तर कॉम्प्युटर मलाच विचारतो, ही कशात उघडू? नोटपॅडमध्ये उघडली. पानभर चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटसुलट स्वल्पविराम, आणि त्या सगळ्या चिखलात मधोमध एक ओळ अगदी स्वच्छ: ‘बॅलन्सशीट फायनल रिव्हाइज्ड डॉट पीडीएफ’. म्हणजे ताळेबंद आत होता. नुसता दिसत नव्हता. (आमच्या पूर्वीच्या एका खजिनदारांच्या काळातही हीच परिस्थिती होती, पण तो विषय सभेत निकाली निघाला आहे.)

ऑफिसला फोन केला तर आर्टिकलशिप करणारा मुलगा नम्रपणे म्हणाला, “सर, आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय.”

खरंच दिसत होतं! त्यांच्याकडे सगळेच मेलसाठी आउटलुक हा प्रोग्राम वापरतात. त्या आउटलुकमध्ये एखाद्या पत्त्यासाठी ‘रिच टेक्स्ट’ हा पर्याय निवडलेला राहिला, की ते मजकुराची सजावट आणि अटॅचमेंट एकत्र बांधून पाठवतं, आणि ते बांधलेलं सोडायला पलीकडेही आउटलुकच लागतं. पेटी हापूसची आली, पण उघडायची पक्कड रत्नागिरीलाच राहिली, असा प्रकार. उपाय एका मिनिटाचा आहे: पाठवणाऱ्याने मेलचा फॉरमॅट बदलून ‘एचटीएमएल’ किंवा ‘प्लेन टेक्स्ट’ करायचा. मी तो त्या मुलाला सांगितला. त्याने तो ऐकून घेतला आणि, हा दिवसभराचा अनुभव असावा, माझ्यावर विश्वास न ठेवता ताळेबंदाची प्रिंट काढली, तिच्यावर सह्या-शिक्के घेतले आणि ती रंगीत स्कॅन केली. काळ्या अक्षरांचा तो कागद रंगीत स्कॅन झाल्यावर २२ एमबीचा झाला. शिक्का तेवढा सुरेख जांभळा आला होता.

तो मेल निघालाच नाही. ‘मर्यादेपेक्षा मोठा’ म्हणून त्यांच्याच सर्व्हरने परत केला, आणि त्या मुलाने ती परतीची चिठ्ठी आमच्या खजिनदारबाईंनाही धाडल्यामुळे प्रकरण हिशेब खात्याकडे गेलं. बाई बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत.

“मर्यादा किती?”

“२५ एमबी.”

“फाईल किती?”

“२२.”

“मग?”

आता सांगणं भाग होतं. ई-मेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनलेला. त्यातून चित्रं-आवाज पाठवायची रीत पुढे ‘माइम’ या मानकाने बसवली. त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक, नथॅनिएल बोरेनस्टाइन, यांनी ११ मार्च १९९२ रोजी स्वतःच्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि गाणं जोडून मेल पाठवला होता. म्हणजे अटॅचमेंटची सुरुवात बरी झाली होती, ताळेबंद मागाहून आले. पण रस्ता अक्षरांचाच राहिला. म्हणून आजही फाईल निघताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं, आणि दर ३ बाइटांची ४ अक्षरं होतात. वजन सरळ एक-तृतीयांशाने वाढतं. २२ ची फाईल वाटेत २९ च्या पुढे जाते.

बाईंनी शांतपणे ऐकलं. “म्हणजे ७ एमबीचा फरक आहे,” त्या म्हणाल्या. “तो कुठल्या खात्यात दाखवायचा?”

त्यांनी त्या परतीच्या चिठ्ठीवरच्या पत्त्यालाही उत्तर पाठवलं होतं. पाठवणारा ‘मेलर डीमन’, म्हणजे माणूस नव्हे, न पोचलेले मेल परत करणारा सर्व्हरचा प्रोग्राम. ‘महोदय, सदर रकमेत तफावत दिसते, कृपया खुलासा करावा.’ खुलासा आला नाही, म्हणून स्मरणपत्रही गेलं.

शेवटी बाईंनी फाईल जर्मनीतल्या मुलाकडे पोचवली आणि त्याने ती ड्राइव्हवर चढवून सर्वांना लिंक पाठवली. लिंक म्हणजे फाईल नव्हे, फाईलचा पत्ता. आणि या पत्त्याला कुलूप होतं. उघडणाऱ्याला ‘परवानगी मागा’ असं निळं बटण दिसायचं. आमचे ज्येष्ठ सभासद पहाटे साडेपाचला उठून, गरम पाणी पिऊन, मेल बघतात. तेव्हा जर्मनीत रात्रीचे दोन वाजलेले असतात. सगळ्यांनी बटण दाबलं, काहींनी परवानगी मिळेपर्यंत दाबलं. त्या बिचाऱ्याला मध्यरात्री एकेका फ्लॅटमधून विनंत्या येत राहिल्या. त्याने ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ हा पर्याय निवडला तेव्हा इकडे उजाडलं होतं आणि ए विंगमध्ये बातमी पसरली होती की कमिटीने हिशेबाला कुलूप लावलंय.

मग मी स्कॅन काळा-पांढरा करून घेतला. फाईल दीड एमबीवर आली, जांभळा शिक्का गेला. पाठवली. आता तरी पोचावी की नाही? बहुतेकांना पोचली. पण दुसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात गाठून म्हणाले, “सेक्रेटरी, बाकीच्यांना पाठवता, आम्हालाच वगळता. आम्ही लिफ्टचा प्रश्न काढला म्हणून ना?”

त्यांचा फोन हातात घेतला. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते, आणि त्याच जागेत मेल, ड्राइव्ह, फोटो असं सगळं नांदतं. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपसुद्धा. काकांची जागा शेवटच्या कोपऱ्यापर्यंत भरलेली होती. कशाने, ते बघितलं: गुलाबावर दवबिंदू, शुभ सकाळ. उगवता सूर्य, शुभ सकाळ. वाफाळता चहा, कपावर हृदय, शुभ गुरुवार. जागा संपली की नवीन मेल येणं बंद होतं. ताळेबंद दारापर्यंत येऊन गुलाबांनी परत पाठवला होता.

“थोडे पुसू का?” मी विचारलं.

“पुसा. पण दत्तगुरूंचे राहू द्या.”

दत्तगुरूंचे बरेच होते.

तोवर सी विंगमधल्या एका अभ्यासू सभासदाने माझ्या मेलला ‘रिप्लाय ऑल’ केलं होतं: ‘सोबतच्या ताळेबंदातील पान ३ वरील रंगकामाचा खर्च पाहावा.’ रिप्लाय केलं की मूळ अटॅचमेंट गळून पडते, फॉरवर्ड केलं तर टिकते. हे दोन बाण शेजारी-शेजारी ठेवणाऱ्याने आमची सोसायटी पाहिलेली नाही. साहजिकच सगळे विचारू लागले, कुठलं पान ३? सोबत तर काहीच नाही. कुणी लिहिलं, आधीच्या मेलमध्ये आहे. कुणी लिहिलं, आधीचा मेल आलाच नाही. तो आलेला होता. एकाच विषयाचे मेल एकाखाली एक घडी होऊन बसतात आणि मधली घडी उलगडायचं कुणाला सुचत नाही. चेअरमनसाहेबांनी लिहिलं, ‘प्लीज चेक स्पॅम’. त्यानंतर दोन बायकांनी स्पॅममध्ये काय काय सापडलं याची यादी टाकली, आणि रंगकामाचा खर्च मागे पडला. त्याबद्दल कमिटी चेअरमनसाहेबांची आभारी आहे.

सभेच्या आदल्या दिवशी वॉचमनला झेरॉक्सचा गठ्ठा दिला आणि जुनी वही काढून दिली. तासाभरात सगळ्या सह्या आल्या, काकांचीसुद्धा.

सभेत हिशेब मंजूर झाले. ऐनवेळच्या विषयांत खजिनदारबाईंनी ७ एमबीचा मुद्दा मांडला आणि तो पुढच्या सभेपर्यंत स्थगित राहिला. त्यानंतर, सभेचं इतिवृत्त सर्व सभासदांना ई-मेलनेच पाठवावं आणि सोबत सभेचे रंगीत फोटो जोडावेत, असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सूचक दुसऱ्या मजल्यावरचे काका, अनुमोदक पान ३ वाले.