‘तपासणीचे पैसे घेतले, उपचार काहीच केले नाहीत’ या अभिप्रायाला दवाखान्याचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

सात वर्षांचा मुलगा रात्री दात खातो म्हणून त्याला दाखवायला आणले असता आम्ही तपासणीचे शुल्क घेतले, पण जंताचे औषध दिले नाही की नाइट गार्डही (झोपताना दातांवर बसवायचे संरक्षक आवरण) दिले नाही, उलट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवून हात झटकले, आणि त्याच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला मात्र लगेच गार्ड सुचवले, अशी आपली तक्रार आहे. रुग्णांच्या नोंदी येथे उघड करता येत नाहीत. म्हणून आपण स्वतः लिहिले आहे तेवढ्यावरच उत्तर देतो.

सातव्या वर्षी दुधाचे दात पडत असतात, समोरचे पक्के दात अर्धवट उगवलेले असतात, पहिल्या पक्क्या दाढा नुकत्याच जागेवर येत असतात आणि जबडाही वाढत असतो. अशा वेळी माप घेऊन केलेले गार्ड थोड्याच काळात बसेनासे होते, आणि ते तसेच रेटून घालत राहिल्यास दातांच्या उगवण्यात व जबड्याच्या वाढीत अडथळा येऊ शकतो. शिवाय गार्डमुळे दात खाणे थांबेलच असे नाही; मुख्यतः दातांऐवजी गार्ड झिजते. दुधाच्या दातांवरचे इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, मुळातच पातळ असल्याने ते लवकर सपाट आणि पिवळसर दिसू लागतात व पालक घाबरतात, हे स्वाभाविक आहे. परंतु ते दात पडणारच असतात आणि बहुतेक मुलांचे दात खाणे वाढत्या वयाबरोबर आपोआप कमी होते. ठणका, दाताचा टवका उडणे किंवा सकाळी जबडा आखडणे यांपैकी काही नसेल, तर या वयात गार्ड न देणे हाच आमचा वैद्यकीय निर्णय असतो आणि तो बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

जंताचे औषध न देण्यामागेही कारण आहे. जंतांमुळे मूल दात खाते ही समजूत घरोघरी आहे, पण तसा संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही. जंत झाल्याची इतर लक्षणे असतील तर बालरोगतज्ज्ञ ते औषध अवश्य देतील. झोपेत मेंदू क्षणभर अर्धवट जागा होतो, तेव्हा जबड्याचे स्नायू आवळले जाऊन दात घासले जातात. मुलगा घोरतो आणि तोंड उघडे ठेवून झोपतो, असे आपणच अभिप्रायात लिहिले आहे. वाढलेल्या टॉन्सिल किंवा अडेनॉइडमुळे (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात असलेल्या गाठीमुळे) श्वास अडून झोप वारंवार मोडत असेल, तर मूळ दुखणे तिथे असू शकते आणि त्याची तपासणी दंतवैद्य करू शकत नाही. आम्ही हात झटकले, हा आरोप म्हणूनच मला मान्य नाही.

मुलीची गोष्ट वेगळी आहे. पंधराव्या वर्षी अक्कलदाढा वगळता सर्व पक्के दात सहसा आलेले असतात आणि त्यांचे झिजलेले इनॅमल पुन्हा तयार होत नाही, त्यामुळे झीज दिसत असल्यास गार्ड देणे रास्त ठरते. मात्र या वयात परीक्षेचा ताण, अपुरी झोप, संध्याकाळनंतरची कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक, तसेच नैराश्यावरची काही औषधे हीदेखील कारणे असू शकतात. त्यामुळे आम्ही गार्डपूर्वी हे प्रश्न विचारतो. ते वेळकाढूपणाचे वाटले असल्यास त्यांचे प्रयोजन हे होते. (असे एखादे औषध सुरू असेल तर ते परस्पर बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे.)

शुल्क तपासणीचे आणि सल्ल्याचे असते. उपकरण दिले नाही म्हणून ते परत करण्याची आमची पद्धत नाही. दोन्ही मुलांच्या तपासणीची नोंद आपल्याला लेखी मिळू शकेल आणि ती घेऊन आपण दुसऱ्या दंतवैद्यांचे मत जरूर घ्यावे. मुलाच्या दातांची झीज वाढते आहे का, हे पाहण्यासाठी त्याला सहा महिन्यांनी पुन्हा आणावे. त्यापूर्वी ठणका लागला किंवा पक्क्या दाढेचा टवका उडाला, तर मात्र तेवढे थांबू नये.

आपला,
दवाखान्याचा संचालक व दंतवैद्य