बाँडने फी वसूल होते, माणूस थांबत नाही

नमस्कार. कंपनीने फी भरून शिकवलेला कामगार डिग्री मिळताच नोकरी सोडतो, त्यावर ‘आपल्या पैशाने शिकवायचं आणि पुण्याला पाठवायचं, हाच धंदा करायचा का? तीन वर्षांचा बाँड घ्या, मूळ मार्कशीट ठेवून घ्या,’ असं आपण लिहिलंत. बाँड म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर भरपाई देण्याचा लेखी करार. अंबडमध्ये कारखाना चालवणाऱ्याची ही चीड मला पटते. उपाय मात्र अर्धाच पटतो.

मार्कशीट अडकवू नका, झेरॉक्स पुरते. बाँड जरूर घ्या. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात किमान तीन वर्षं नोकरीची अट आणि दोन लाखांची भरपाई मान्य केली आहे. पण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बाँडमधला आकडा ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. साठ हजार फी भरून पाच लाख लिहिलेत तर तो नुसता बागुलबुवा. रक्कम उतरती ठेवा: फी ६०,०००, मुदत २४ महिने, दरमहा २,५०० माफ. दहा महिने भरून गेला तर देणं ३५,०००. एवढी रक्कम पुढची कंपनीही भरून टाकते, म्हणून बाँडच्या भरवशावर राहू नका.

खरी गळती शिफ्टमध्ये सुरू होते. मुक्त विद्यापीठाची संपर्कसत्रं, म्हणजे प्रत्यक्ष वर्ग, बहुधा शनिवार-रविवारी असतात आणि लाइन इनचार्ज नेमका तेव्हाच ओव्हरटाइम लावतो. परीक्षेच्या आठवड्यात तिसरी पाळी येते, कारण त्याच्या सीएनसीचा (संगणकाने चालणाऱ्या मशीनचा) सेटर, म्हणजे मशीन कामाला लावून देणारा, तो एकटाच. इनचार्जला दोष देऊन काय होणार? त्याच्या हाताखाली दुसरा सेटर नाही. म्हणून फीचा अर्ज मंजूर करण्याआधी त्या मशीनवर आणखी एक माणूस तयार करा आणि एका विभागातून एका वेळी एकालाच पाठवा. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की आठवड्याच्या आत एचआरकडे द्यायचं, पाळी तिथूनच बदलायची. इनचार्जच्या मर्जीवर सोडायची नाही.

पूर्ण फी निकालानंतर परत देण्याची पद्धतही फसते. ज्याच्या हातात आधी पैसे नाहीत, तो अर्जच करत नाही. निम्मी प्रवेशाच्या वेळी द्या, निम्मी मार्कशीट दाखवल्यावर. एखादा विषय राहिला तर त्याची परीक्षा फी त्याने भरावी; सगळी मदत बंद करू नका.

आणि सगळ्यात मोठी चूक: डिग्री हातात आल्यावर बोलणी सुरू करणं. तोवर त्याने बायोडेटा पाठवलेला असतो. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच पद आणि पगार लेखी सांगा. चाळीस माणसांच्या युनिटमध्ये इंजिनिअरची जागा नसेल, तर तेही अर्ज घेतानाच सांगा. जागा होणार असेल तर त्याचा प्रोजेक्ट आपल्याच शॉपवर ठेवा, एखाद्या पार्टचं रिजेक्शन किंवा सेटिंगचा वेळ कमी करण्याचा. कॉलेजचा गाइड आणि आपला क्वालिटीवाला दोघांनी मिळून विषय ठरवला तर काम खरं होतं, नाहीतर फाइल कपाटात जाते.

आपल्या बाँडमधलं रकमेचं कलम नाव-गाव खोडून इथेच टाका. उतरता तक्ता त्यात कसा बसवायचा ते लिहितो.